उर्वशीची संमती

प्रणितने भिंतीवर एकोणचाळीस चिठ्ठ्या चिकटवल्या, तेव्हा त्याचे आजोबा मुखरूबाबा बाजेवरून उठून जवळ गेले, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे कोणाच्या लग्नाचं सामान हाये गा?"

"लग्नाचं नाई, आबाजी. आईची कामं हायेत. एक काम, एक चिठ्ठी."

"सालभराची?"

"रोजची."

मुखरूबाबांनी पहिल्या ओळीतल्या अकरा चिठ्ठ्या बोटाने मोजल्या, उरलेल्या नुसत्या नजरेने मोजल्या, आणि परत बाजेवर येऊन बसले. "आपल्या घरात एवढं काम हाये हे मले कोणी सांगतलंच नाई," ते म्हणाले.

पळसझरीतल्या बचत गटांची मिळून बुधवारी कंपनी झाली होती. मोहाचे लाडू, जवसाची चटणी, हातसडीचा तांदूळ असा माल होता आणि पहिली व्यवस्थापक म्हणून बायांनी एकमुखाने प्रणितच्या आईचं, इंदुताईंचं नाव घेतलं होतं. सोमवारपासून पंधरा दिवस गडचिरोलीला प्रशिक्षण. सोमवारी जी पोचणार नाही, तिची जागा दुसऱ्या गावच्या बाईला. बुधवारी बोरकुट्यांच्या घरात सगळे "जाय, जाय, खुशाल जाय" म्हणाले होते. गुरुवारी सकाळी इंदुताई अर्धा तास शेजारी गेल्या आणि घरातल्या चौघांना 'जाय' म्हणजे काय ते समजलं.

म्हणून शुक्रवारी ही बैठक. ती प्रणितने बोलावली होती, कारण पुण्यात त्याचं कामच ते होतं. कंपनीत काही बदल व्हायचा असला की घाबरलेल्या माणसांजवळ बसायचं आणि त्यांचं ऐकून घ्यायचं. पुढे कंपनीने त्याचीच खुर्ची बदलून टाकली, तेव्हा त्याच्याजवळ मात्र कोणी बसलं नव्हतं. दिवाळीपासून तो घरीच होता आणि आईची बदली ही त्याला पुण्यानंतर मिळालेली पहिली कामगिरी होती.

"बदल होणार म्हटलं की सगळ्याइलेच भीती वाटते," तो म्हणाला. "ज्याले जे वाटून राह्यलं ते मोकळं बोला."

"मले काई वाटत नाई," मुखरूबाबा म्हणाले. "फक्त पाचचा चहा, सातचा चहा अन् नवाचा चहा कोण करन, तेवढं लिवून ठेव."

"मंजूर," प्रणितचा बाप धनराज म्हणाला. तो गावच्या सेवा सोसायटीचा अध्यक्ष होता, मिशी राखून होता, आणि समोर कागद दिसला की त्याच्या तोंडून आपोआप मंजूर निघत असे. चहा धाकट्या सुनेकडे, मंजुषाकडे गेला, मंजूर. पाणी प्रणितकडे, मंजूर. कोंबड्या मुखरूबाबांकडे, मंजूर. अडतीस चिठ्ठ्या अशा उतरल्या आणि एक हिरवी राहिली. तिच्यावर लिहिलं होतं: उर्वशी.

सगळ्यांनी म्हशीच्या कोठ्याकडे पाहिलं. उर्वशीने रवंथ थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

दूध काढणं म्हणजे नळ सोडणं नव्हे. दूध कासेत असतं, पण म्हशीने मनावर घेतलं तरच ते सडात उतरतं, त्याला पान्हा सोडणं म्हणतात. मनावर घ्यायला तिला समोर आपलं पारडू लागतं. उर्वशीचं पारडू श्रावणात गेलं आणि तेव्हापासून तिने साऱ्या जगात एका इंदुताईंनाच पान्हा सोडला. दुसऱ्या कुणाला तो मिळत नाही, आणि दूध तुंबलं की कास सुजते, जनावर दोन दिवसांत तापाने पडतं. धनराजचा धाकटा भाऊ, मंजुषाचा नवरा गुणवंत एकदा चरवी घेऊन गेला होता. तो बल्लारपूरला ड्युटीवर लंगडत परत गेला.

"मंजूले मारलं, प्रणितले मारलं, मामाजीचे हात कापते," इंदुताईंनी सासऱ्यांसकट हिशेब मांडला. "उरले तुमी."

"मी सोसायटीचा अध्यक्ष हाओ," धनराज म्हणाला.

"उर्वशीले माहीत नाई ते."

"अन् नाईच जमलं तं?"

"तं मी नाई जात. जनावर मरू देऊन मी लाडू विकाले जाऊ का?" इंदुताई हे साध्या आवाजात बोलल्या, पण पिशवीत भरलेलं नवं पातळ त्यांनी हाताने एकदा दाबून पाहिलं. धनराजने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच मंजूर म्हणायच्या आधी थोडा थांबला.

त्या संध्याकाळी तो कोठ्यात गेला. चरवी एका बाजूला उडाली, अध्यक्ष दुसऱ्या बाजूला, शेणात.

---

शनिवारी पहाटे उपाय मुखरूबाबांनी काढला. त्यांच्या बापाने म्हणे एकदा आईचं लुगडं नेसून म्हशीचं दूध काढलं होतं. "म्हशीले तोंड कायले पायजे? वास ओळखते ते."

इंदुताईंनी खोलीचं दार लावून नवऱ्याला आपलं रोजचं हिरवं लुगडं नेसवलं.

"पोट आत घ्या."

"घेतलंच हाये."

"मंग हे काय हाये?"

"ते मागचं हाये. समोर आलं."

निऱ्या खोचताना इंदुताईंना हसू आवरेना. धनराज गंभीर होता. लुगड्यात त्याला पाऊल कुठे टाकावं तेच कळत नव्हतं आणि ह्यात बाई सकाळपासून रात्रीपर्यंत चालते कशी, हा प्रश्न त्याला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा पडला.

उर्वशीने लुगडं हुंगलं. लाथ मारली नाही. धनराजने श्वास रोखून सडाला हात घातला. थेंब नाही. दहा मिनिटं तो बसून राहिला. उर्वशी कान मागे वळवून उभी होती, जणू काही ऐकायची वाट पाहत होती.

हे सगळं मंजुषा आपल्या खिडकीतून बघत होती. तिची खिडकी कोठ्यावर उघडते. एकोणीस वर्षांपूर्वी ह्या घरात धाकटी सून म्हणून आल्यापासून तिने दोन गोष्टी पाळल्या होत्या. पहिली, भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, तोंडाने बोलायचं नाही. त्यांना काही सांगायचं असलं तर पदर पुढे ओढून ती जवळच्या वस्तूला सांगे. धनराजचा शर्ट मागून फाटलाय हे तिने एकदा कुलराला सांगितलं होतं. दुसरी गोष्ट, कोठ्यात म्हैस कुठलीही असो, त्या खिडकीतून रोज पहाटे जे ऐकू येतं ते कुणालाही सांगायचं नाही.

आज तिने दुसरी मोडली. ती अंगणात आली आणि रांजणाकडे तोंड करून म्हणाली, "रांजणा, सांग त्याइले. लुगडं जाऊबाईचं हाये, पण जाऊबाईचं तोंड कुठी हाये?"

"म्हणजे?" प्रणितने रांजणाच्या वतीने विचारलं.

"जाऊबाई दूध काढता काढता तिच्यासंगं बोलते. रोज. दूध संपेपर्यंत."

"काय बोलते?"

मंजुषा रांजणाकडे पाहत राहिली. "आपल्याबद्दल," ती म्हणाली.

कोंबडीसुद्धा थांबली. सगळ्यांनी इंदुताईंकडे पाहिलं. त्या चुलीपुढून उठल्या होत्या, हातात फुंकणी तशीच.

"माह्याबद्दल काय बोलते वो?" मुखरूबाबांनी विचारलं.

"काई नाई, मामाजी."

"काई नाई बोलते तं दूध कसं येते?"

प्रणितचा चेहरा उजळला होता. "आई, हे तं लय महत्त्वाचं हाये! काम सोपवताना लोक कुलपाची किल्ली देते, अन् जे मनात असते ते कोणी देत नाई. तू ते बोलणं बाबाले शिकव."

"त्याइच्याबद्दलचं त्याइलेच शिकवू?"

"माह्याबद्दल बी हाये?" धनराज कोठ्यातून म्हणाला. लुगड्यातला तो दारात आला, मिशी एका बाजूला वाकलेली. "किती हाये?"

इंदुताईंनी फुंकणी ठेवली, कोठ्यात गेल्या, दार ओढून घेतलं, आणि थोड्या वेळाने चरवीभर दूध घेऊन बाहेर आल्या. मग खोलीत जाऊन त्यांनी पिशवीतलं नवं पातळ काढून परत पेटीत ठेवलं.

"मी नाई जात," त्या म्हणाल्या. "विषय संपला."

---

गंमत अशी झाली की घर त्याच क्षणी बदललं. कालपर्यंत तीन चहांसाठी सुनेला थांबवू पाहणारे मुखरूबाबा दुपारी म्हणाले, "तिले गेलंच पायजे. अन् जाण्याआधी ते सगळं बोल्लं पायजे." प्रणित म्हणाला, आईची इच्छा नसेल तर जबरदस्ती नको. त्यावर आजोबांनी त्याला सांगितलं की तू पुण्याला जाऊन मऊ झाला. धनराज कुणाच्याच बाजूने नव्हता. तो सोसायटीत गेला नाही, जेवणात मीठ नव्हतं तेही त्याने सांगितलं नाही. सत्तावीस वर्षांत आपण काय काय केलं ते तो आठवून पाहत होता आणि काहीच आठवत नव्हतं. तीच त्याला भीती वाटत होती.

तिसऱ्या प्रहरी मंजुषा धान पाखडायला इंदुताईंजवळ बसली.

"पेटी काऊन लावली, जाऊबाई?"

"तू बोलूच नको. एकोणीस वर्षं ऐकून राह्यली अन् मले कळू दिलं नाई."

"कळू दिलं असतं तं तुमी बोलणं बंद केलं असतं. मंग दूध?"

इंदुताई सूप हलवत म्हणाल्या, "तुह्याबद्दल बी हाये त्यात."

"गुळाचं ना?"

इंदुताईंच्या हातातलं सूप थांबलं.

"अन् तुमची नवी चप्पल मी घालून गेली ते. अन् मले शिंक आली की तीनदा येते ते. सगळं ऐकलं हाये." मंजुषा खडे वेचत म्हणाली. "मी मेली का ऐकून? वांग्यात गूळ बी टाकून राह्यली अजून. ऐकलं म्हणून मानूस मरत नाई, जाऊबाई. उलट तुमच्या तोंडाकडे पाहून मले रोज कळे, आज बाईचं पोट मोकळं झालं का नाई. ह्या तिघाइले ते बी कळत नाई."

दिवेलागणीला इंदुताईंनी प्रणितकडून एक वही मागून घेतली आणि ओट्यावर बसून चार पानं लिहिली. मध्ये दोनदा त्या एकट्याच हसल्या. एकदा डोळे पुसले, पण तेव्हा चुलीचा धूर तिकडेच येत होता.

"हे उर्वशीपुढेच उघडा," त्यांनी वही धनराजला दिली. "त्याआधी वाचाल तं शपथ हाये."

---

रविवारी पहाटे अडचण निघाली. चरवी धरून दोन्ही हात गुंतल्यावर वही कोण धरणार? प्रणित उर्वशीला धरून दावणीशी उभा होता. इंदुताई कोठ्यात येणार नव्हत्या, त्या असल्या तर परीक्षा कसली? उरली मंजुषा. तिने पदर नाकापर्यंत ओढला, भासऱ्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून वही उघडली. मुखरूबाबांनी आपली बाज स्वतः ओढत कोठ्याच्या दाराशी आणली होती. थंडीसाठी, असं ते म्हणाले.

"'उर्वशे, ऐक वो माय,'" मंजुषाने वाचलं.

"हे बी म्हणाचं?" धनराजने विचारलं.

"प्रणित, त्याइले सांग. जे लिवलं ते म्हणाचं."

धनराजने घसा साफ केला, लुगड्याचा पदर सावरला, म्हशीच्या कुशीला डोकं टेकलं. "उर्वशे, ऐक वो माय."

उर्वशीचा एक कान फिरला.

"'ह्या घरात मले कोणी मानूस समजत नाई. समजते तं तूच, अन् तू म्हैस.'"

धनराज म्हणाला. दुसरा कान फिरला.

"'मामाजी चहा पेते अन् कप बाजेखाली ठेवते. मंग म्हणते, घरात कप उरत नाई.'"

"साफ खोटं हाये!" दारातून आवाज आला. मग बाजेखाली काहीतरी खणखणलं. एक कप बाहेर आला, दुसरा आला, तिसऱ्यात मुंग्या होत्या.

"'प्रणितले फोन उचलाले येते, ताट उचलाले येत नाई. पण बाई, पोरगा रातचा झोपत नाई. कंपनीनं काढलं ते त्यानं मले सांगतलं नाई अन् मी विचारलं नाई. दोघं बी एकमेकाले फसवून राह्यलो.'"

धनराजने ते शब्दशः म्हटलं. दावणीशी उभ्या मुलाकडे त्याने पाहिलं नाही. प्रणितने उर्वशीच्या कपाळावरचा हात काढला नाही, नुसता खाजवत राहिला.

मंजुषाचा आवाज बारीक झाला. "'मंजू गुणाची हाये, पण वांग्यात गूळ टाकते. अन् कोणी विचारलं तं म्हणते, जाऊबाईनं सांगतलं.'"

"हे खरं हाये?" प्रणितने विचारलं.

"वाचू दे," मंजुषा म्हणाली.

चरवीत एक थेंब वाजला.

मंजुषाने पान उलटलं. उरलेली दोन पानं धनराजची होती.

"'याइचं काय सांगू? घोरते असं की मांजर घर सोडून गेलं. मंजूर, मंजूर करते साऱ्या गावाचं, मी काई म्हटलं की म्हणते पाहू.'" धार लागली, बारीक. "'पण उर्वशे, ते मार्कंड्याच्या जत्रेचं तुले पुन्हा सांगते.'"

मार्कंड्याच्या जत्रेचं काय? धनराजला आठवेना. लग्नाचं पहिलंच वर्ष असावं.

"'मले मोठ्या पाळण्यात बसवलं. म्हणे तू बस, मी आलो. अन् गेला समोरच्या भज्याच्या दुकानात. पाळणा वर गेला. वरून सारी वैनगंगा दिसे, देऊळ दिसे, अन् भजे खाणारा हा दिसे.'"

"अवो, ते भजे मी तिच्यासाठीच घेतले होते!" धनराजच्या तोंडून निघालं. "गरम होते म्हणून एक चाखून..."

धार थांबली. उर्वशीने मागचा पाय उचलला. चरवी हलली. शेपटी धनराजच्या मिशीवर सपकन बसली.

"भाऊजी!" मंजुषा गर्रकन वळून ओरडली. "तुमचं नका सांगू! तिचं सांगा!"

मग तिलाच कळलं. पदर खांद्यावर होता, भासरा समोर, आणि एकोणीस वर्षांचं मौन शेणात पडलं होतं. दारातून मुखरूबाबा म्हणाले, "बोलली का ते? बोलली? बरं झालं, आता तं म्हैस बोलाची राह्यली."

धनराजने मान हलवली. डोकं पुन्हा उर्वशीच्या कुशीला टेकलं. मंजुषाने आता त्याच्याकडे तोंड करूनच वाचलं, आणि तो एकेक वाक्य हळू म्हणत गेला.

"सात फेऱ्या झाल्या, उर्वशे. दर फेरीले मले वाटे, आता हा वर पायन. हात हालवन. मी हात तयार ठेवला होता. साती फेऱ्या यानं भजे खाल्ले, अन् एकदा बी मान वर केली नाई."

दूध चरवीत दोन धारांनी पडू लागलं. धनराज हात चालवत राहिला. वही संपली होती, पण तो शेवटचं वाक्य पुन्हा म्हणाला, मग आणखी एकदा, आणि फेस चरवीच्या काठापर्यंत आला.

स्वयंपाकघरात इंदुताई विझलेल्या चुलीत बराच वेळ फुंकत होत्या. मग त्या उठल्या आणि पेटी उघडली.

---

सोमवारी धनराजला वही लागली नाही. पाठ झालं होतं. कपांचं मात्र त्याने गाळलं, कारण बाजेखाली कप नव्हते, आणि उर्वशी त्यासाठी खोळंबली. शेवटी जुनेच कप सांगून काम भागवावं लागलं. त्यात उशीर झाला. साडेसातची एसटी. त्याने चरवी मंजुषाच्या हातात दिली, इंदुताईंची पिशवी उचलली आणि दोघं तरातरा निघाले.

मुखरूबाबांनी त्याला पाहिलं आणि घोंगडी तोंडावर ओढली. प्रणित पाणी भरत होता, तो हौदात वाकला. मंजुषाने आता भासऱ्याशी बोलायला हरकत नव्हती, पण तिने पदर तोंडात धरला. इंदुताईंनी शेजारी चालणाऱ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. सांगावंसं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण सत्तावीस वर्षांत तो पहिल्यांदा त्यांच्या पावलाने चालत होता. त्या गप्प राहिल्या.

स्टँडवरचे लोक बाजूला होऊन बघू लागले. धनराज "राम राम, राम राम" करत गेला. अध्यक्षांना एवढा मान रोज मिळत नसे, म्हणून तो खूश होता. पिशवी त्याने गाडीत चढवली आणि म्हणाला, "थांब, मी आलो." इंदुताई खिडकीशी बसल्या. तो समोरच्या हॉटेलात शिरताना त्यांनी पाहिलं आणि नजर समोर वळवली.

कंडक्टरने घंटीला हात घातला, तेवढ्यात हिरवं लुगडं धावत येताना दिसलं. "चढा, बाई, चढा लवकर! बायाइले अर्धं तिकीट हाये!"

धनराज थबकला. मागे पाहिलं, कुठली बाई म्हणून. मग खाली पाहिलं. निऱ्या पाहिल्या. सारा स्टँड त्याच्याकडे बघत होता.

त्याने पदर नीट खांद्यावर घेतला, मिशीवरून एक बोट फिरवलं. "आज नाई जमत," तो कंडक्टरला म्हणाला. "घरी म्हैस हाये."

मग खिडकीशी येऊन त्याने कागदाचा गरम पुडा आत दिला. "भजे," तो म्हणाला. "एक बी चाखलं नाई. मोजून घे."

पळसझरीच्या स्टँडवर एसटीला वळायला जागा नाही. वडाला पूर्ण फेरी मारूनच ती रस्त्याला लागते. गाडी निघाली, वडामागे गेली, तो दिसेनासा झाला, आणि वडाच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा समोर आला. स्टँडच्या मधोमध, हिरव्या लुगड्यात, मान वर केलेली, दोन्ही हात हवेत हलवत. निऱ्या सुटत होत्या, त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

इंदुताईंनी हात बाहेर काढून हलवला. तो हात तयारच होता.

मग त्यांनी पुडा उघडला आणि चामोर्शीच्या रस्त्याला लागेपर्यंत एकटीनेच भजे खाल्ले, पण मान वर करून.